पुट्टी कुठे लावली, कुठे टाळली

आतल्या भिंतींचं काम काढलं तेव्हा गवंडी म्हणाला, "गिलावा असा घोटून देतो की पुट्टीची गरजच पडणार नाही." पुट्टी म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात तो पातळ लेप. रंगाऱ्याचं म्हणणं उलटं होतं, "गिलावा कसाही असू द्या, पुट्टीचे दोन हात मारले की भिंत काचेसारखी." दोघांनाही आपापलं काम मोठं करायचं होतं. मी दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं.

रंगाऱ्याचं म्हणणं साध्या हिशेबातच टिकत नव्हतं. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि पुट्टीचे दोन हात मिळून जेमतेम दीड मिलिमीटर होतात. भिंतीला पोट आलं असेल तर ते पुट्टीखाली लपत नाही. जाड थर चढवून लपवायला गेलं तर पुट्टी तडकते. म्हणून गिलावा ओला असतानाच मी ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी लावून बघत असे आणि फट दिसली की तिथेच दुरुस्त करून घेत असे. गवंडी वैतागला, पण करून दिलं.

घोटाईला मात्र मी नकोच म्हटलं, निदान ज्या खोल्यांना पुट्टी होणार होती तिथे. नुसत्या सिमेंटचा पातळ थर घोटला की तो वाळताना आकसतो आणि त्यावर जाळीसारखे बारीक तडे येतात. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर पुट्टी नीट धरत नाही. तिथे स्पंजने फिरवून थोडा खरखरीत ठेवलेला गिलावाच बरा. तुळई आणि विटांचं काम जिथे मिळतं तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकून घेतली, कारण काँक्रीट आणि वीट सारख्याच प्रमाणात हलत नाहीत. त्या सांध्यावर नंतर येणारी चीर कुठलीही पुट्टी झाकत नाही.

मग सातेक दिवस पाणी मारणं, आणि त्यानंतर वाट पाहणं. हा टप्पा सगळ्यांनाच नकोसा होतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असते. मी प्लॅस्टिकच्या कागदाचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवायचो. सकाळी आतल्या बाजूला दव धरलं असेल तर रंगाऱ्याला अजून थांबायला सांगायचं.

व्हाइट सिमेंटची पुट्टी म्हणजे शेवटी सिमेंटच. त्यामुळे लावण्याआधी भिंत हलकी ओलसर करावी लागते, नाहीतर गिलावा तिच्यातलं पाणी शोषून घेतो आणि ती पिठासारखी सुटते. एका वेळी दोनेक तासांत संपेल एवढीच भिजवायची. रंगारी घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो चालवायला लागला, तेव्हा मी ते घमेलं बाजूला काढायला लावलं. दुसरा हात वाळला की घासणंही फार लांबवायचं नाही. ही पुट्टी दिवसागणिक कडक होते आणि मग पॉलिश पेपर झिजतो, भिंत नाही. घासताना उडणारी धूळ मात्र भयंकर. मास्क हवाच, आणि दारांना ओले पडदे लावले तरी ती कपाटात शिरते ती शिरतेच.

घासून झाल्यावर रात्री भिंतीला अगदी लागून दिवा धरायचा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर पुट्टी लावायच्या पट्टीच्या रेघा, खड्डे, राहिलेले कण सगळं उघडं पडतं. ते प्रायमरच्या आधीच दुरुस्त करून घेतलं.

बैठकीची खोली आणि झोपायच्या खोल्यांना पुट्टी केली. जिना आणि सामानाची खोली साध्या गिलाव्यावरच ठेवली. तिथल्या गिलाव्यासाठी वाळू बारीक चाळून घेतली होती. त्या भिंतींनी रंग जास्त प्यायला, पहिला हात तर दिसेनासाच झाला. न्हाणीघराच्या पाठची भिंत हा वेगळा विषय होता. तिथे पाइपची गळती काढल्यावरही मी पुट्टी लावू दिली नाही, नुसता चुना मारला. ओल परतली तर साध्या गिलाव्यावर डाग लगेच दिसतो. पुट्टी असती तर आधी फुगली असती, मग तिचे पापुद्रे सुटले असते आणि तेव्हा कुठे कारण शोधायला सुरुवात झाली असती.

राहायला आल्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. जिन्यात सामान नेताना भिंत खरवडली गेली. तिथे थोडा माल भरून, रंग लावला आणि आता जागा सापडत नाही. बैठकीतला खिळ्याचा खड्डा बुजवला तो मात्र तिरक्या उजेडात अजून टिकलीएवढा दिसतो. पुढच्या वेळी रंगाऱ्याला तो तुकडा नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच करायला सांगणार आहे.