जळगावातलं फर

डिसेंबर लागला की जळगावच्या फुले मार्केटात प्लास्टिकची ख्रिसमस झाडं टांगलेली दिसतात. शाळेतल्या कार्यक्रमासाठी आया घासाघीस करून ती घेऊन जातात.

ज्या फरवरून, म्हणजे थंड मुलखातल्या सुईसारख्या पानांच्या झाडावरून, ही झाडं बेतली, ते आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात टिकायचं नाही, हे उघडच आहे. खानदेशात थंड म्हणावं असं ठिकाण तोरणमाळ. तिथेही फरचं भागत नाही. पण या कुळातली एक जात तिच्या माहेरीच जेमतेम तग धरून आहे. इटलीतल्या सिसिली बेटावर मादोनिए नावाचे डोंगर आहेत. तिथे सुमारे 1500 मीटर उंचीवर तिची रानात वाढलेली मोठी झाडं उरलीत तीसच्या आसपास. फुले मार्केटातल्या एकाच दुकानात याहून जास्त निघतील! लाकडासाठी तोड होत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात संपली असंच लोक धरून चालले. 1957 साली ती पुन्हा सापडली. आता एकेका झाडाला क्रमांक आहे, कुंपण आहे.

कुंपणानं जनावरं अडतात, वारा अडत नाही. झाडं इतकी थोडी आणि विरळ, की पराग बरेचदा आपल्याच झाडावर पडतो आणि बी पोचट निघतं. शेजारी माणसांनी लावलेल्या दुसऱ्या जातींच्या फरचा पराग आला, तर रोप संकरित होतं. म्हणजे घरात सोयरीक चालत नाही आणि परक्याची नको. शेवटी शास्त्रज्ञच मध्यस्थ झाले: या झाडाचा पराग त्या झाडाला, तोही हातानं. मला हे काम फार आवडलं. इतक्या चिकाटीचे मध्यस्थ आपल्याकडे लग्नसराईतही मिळत नाहीत.

खरं फर आपल्याकडे पोचतं ते डबीतून. तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरची पानं. सोबत सुंठ, मिरी, पिंपळी, वेलची आणि भरपूर साखर. कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीनं घसा धरला की आई ते मधातून चाटवायची. तोंड वाकडं न करता घेतलेलं ते आमचं एकमेव औषध. डबी फळीवर दिसली की आम्ही भावंडं आळीपाळीनं खोटं खोकायचो.