तुम्ही विचारलंत म्हणून : त्या रुळावर बसायची काय गरज होती?

"शिकायला गेली होतीस ना गं? मग त्या रुळावर बसायची काय गरज होती? काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

काकांनी विचारलं. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं. हॅम्बुर्गला गणपतीच्या आरतीनंतर हातात खिरापत घेऊन ओळख ना पाळख अशा माणसांनीही विचारलं. दर वेळी मी काहीतरी ठोकून दिलं. आता एकदाच सगळं लिहिते.

नोव्हेंबर 2010. फ्रान्समधल्या ला हेगच्या, वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून अणुकचऱ्याची अकरा पिंपं घेऊन आगगाडी उत्तर जर्मनीत गोर्लेबेनच्या गोदामाकडे निघाली होती, आणि वाटेत हार्लिंगेनजवळ ती अडवायला आम्ही काही हजार माणसं रुळांवर बसलो होतो. हे तुम्हाला माहीतच आहे, फोटो मीच दाखवलाय. फोटोत मी हसतेय. तो दुपारचा आहे.

आधी मरणाचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकतो. त्याच मार्गावर, फ्रान्सच्या लोरेनमधल्या आव्रिकूरजवळ, 7 नोव्हेंबर 2004 ला सेबास्तियाँ ब्रिया नावाचा विशीतला आंदोलक पोरगा अशाच गाडीखाली गेला. गाडीच्या पुढे उडणारं हेलिकॉप्टर इंधन भरायला गेलेलं, गाडी ताशी जवळपास 100 किलोमीटरने धावत होती, त्याला वेळेत बाजूला होता आलं नाही. आम्ही बसलो तीही 7 तारीखच होती. पण खरं सांगायचं तर आमच्या अंगावर गाडी येणार नव्हती. ती मागे डालेनबुर्गला थांबवून ठेवलेली, आणि रूळ मोकळा केल्याशिवाय पोलीस तिला सोडणार नव्हते. हे ठाऊक असूनही कित्येक वर्षं मी ब्रियाचं नाव काढून तुम्हाला गप्प केलं. उसनं शौर्य होतं ते.

किरणोत्सर्गाचंही तसंच. गाडी जवळ नसताना रुळाच्या खडीवर बसून काही होत नाही. 1998 मध्ये पिंपांच्या बाहेरच्या बाजूला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दूषितपणा सापडला, कंपन्यांना ते आधीपासून माहीत होतं असं उघड झालं, आणि तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मेर्केल यांना वाहतूक थांबवावी लागली. ती सुरू व्हायला 2001 उजाडलं. चिंता करायचीच तर गाडीच्या आजूबाजूने चालणाऱ्या पोलिसांची करा. मी त्यांच्याइतकीही जवळ गेले नाही.

मग धोका कसला? माझ्या पासपोर्टात चिकटवलेला एक कागद. विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना, फेब्रुवारीत संपणारा.

रात्र अंधारी होती, नुकतीच अमावस्या झालेली. घरी दिवाळी चालू होती, संध्याकाळी आईने फोनवर चिवड्यात शेंगदाणे जास्त झाल्याचं सांगितलं आणि मी "लायब्ररीत आहे" म्हणाले. बसायला पेंढा भरलेली पोती होती. माझ्या डाव्या हाताला सत्तरीची एक शेतकरीण, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मांडीवर घोंगडं. अर्धं तिने माझ्यावर टाकलं होतं. आमचे दंड एकमेकींत अडकवलेले. तिने सांगितलं, 1977 मध्ये अणुकचऱ्यासाठी गोर्लेबेनचं नाव जाहीर झालं तेव्हापासून ती येतेय, पहिल्यांदा आली तेव्हा थोरला पोटात होता.

मध्यरात्र उलटल्यावर भोंग्यावरून सूचना सुरू झाल्या. पहिली. मग दुसरी. भाषा फार सभ्य होती, "कृपया" दोनदा. जे स्वतःहून उठतील त्यांनी जावं, बाकीच्यांना उचललं जाईल. उचललं की गावाबाहेरच्या शेतात गाड्यांचं कडं करून बसवणार, सकाळपर्यंत. नावं लिहून घेणार की नाही ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आजूबाजूचे जर्मन पोरं-पोरी तोच हिशोब विनोदाने करत होते : दंड किती, वकील कोणाचा. माझ्या हिशोबात दंड नव्हताच. फेब्रुवारीतली खिडकी होती, खिडकीपलीकडची बाई, आणि तिच्या पडद्यावर माझं नाव.

तिसऱ्या सूचनेला माझा दंड सैल झाला. मी काही बोलले नाही. म्हातारीच म्हणाली, "पोरी, स्वयंपाकाच्या तंबूतून चहा आणतेस का? दोन."

मी उठले. तंबूशी रांग होती. दोन पेले घेऊन परतले तेव्हा पोलिसांची फळी उभी राहिलेली, आत जाता येईना. फळीच्या फटीतून एकेकाला उचलताना दिसत होतं, दोघं खांद्याला, दोघं पायांना. तिला नेताना मी पाहिलं की नाही, नक्की सांगता येत नाही. रबरी बूट खूपजणांच्या पायांत होते.

सकाळी गाडी गेली.

तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, "उठलीस ते बरोबरच, तुझं नि त्यांचं सारखं नव्हतं." पटतं. लगेच दुसरं आठवतं : शेजारी दोन तुर्की पोरं होती, तीही परवान्यावरच. ती नाही उठली. नोव्हेंबर 2011 ला शेवटची गाडी आली तेव्हा मी गेलेच नाही. प्रबंध होता म्हणून सांगते. प्रबंध होताच, पण आदल्या आठवड्यात मी दोन सिनेमे पाहिले होते.

"पण जिंकलात ना शेवटी?" काय जिंकलो? सप्टेंबर 2020 मध्ये कायमच्या साठवणीसाठीच्या जागांच्या यादीतून गोर्लेबेन वगळलं. छान. 113 पिंपं तिथल्याच गोदामात आहेत. ला हेगमधलाही कचरा जर्मन अणुभट्ट्यांचाच होता, करारानुसार परत घ्यायलाच हवा होता. "मग कुठे न्यायचा?" याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आणि काका, तुम्हाला एक. तेव्हा ला हेग चालवणारी आणि आपल्या रत्नागिरीत माडबनला, जैतापूर प्रकल्पासाठी, अणुभट्ट्या द्यायला निघालेली फ्रेंच कंपनी एकच होती, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतंत. तेव्हा तुम्ही प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या भरपाईचा चेक परत पाठवला होता. एप्रिल 2011 मध्ये तिथल्या नाटे गावात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, साखरी नाटे गावचा एक तरुण मच्छीमार गेला. कुठला रूळ नाही, कुठली सभ्य सूचना नाही. त्या रात्री तुम्ही मला फोन करून विचारलंत, "तिकडे सगळं ठीक ना?"

दोन वर्षांनी तुम्ही चेक घेतलात. का, ते मी कधी विचारलं नाही. आलात की मीच चहा ठेवते.