वरून आलेला हात

"बाबा, तू वरून हात घालतोस ना, म्हणून ती पळते. तिला घार वाटते."

लेक सहज बोलून गेली आणि मी पिंजऱ्यासमोर तसाच बसून राहिलो.

चिंगी आणि ठमी, आमच्या दोन डेगू, घरी येऊन तीन आठवडे झाले. मूळचा चिलीचा हा खारीएवढा प्राणी इथे जर्मनीत बरेच जण पाळतात. एकटा ठेवला तर झुरतो, म्हणून जोडीच आणली. ठमी लेकीच्या हातावर चढते. चिंगी मात्र मी दिसलो की लाकडी घरात गडप. परवा घाईत तिला धरायला गेलो, तर शेपटी हातात येता येता राहिली. डेगूची शेपटी ओढली गेली की कातडी सुटून येते आणि पुन्हा कधीच येत नाही. त्या रात्री मला झोप नव्हती.

आज हात खाली, गवतावर ठेवला. तळव्यावर सूर्यफुलाची एकच बी. (फळं, गोड काही नाही. साखर त्यांना झेपत नाही, मधुमेह होतो.)

वीस मिनिटं. हाताला मुंग्या आल्या. मग मिशांचा स्पर्श. नारिंगी दात दिसले, बी उचलली गेली. पळाली नाही ती! एक इवलासा पंजा माझ्या अंगठ्यावर टेकवून तिथेच सोलून खाल्ली.

लेक दारातून बघत होती. तिला उठवताना, अभ्यासाला बसवताना मी कायम उभ्यानेच बोलतो. वरूनच.

तिलाही घार वाटत असेल का?