बाईच्या नावावरचा चप्पलधंदा आणि पावसाळा

कोल्हापुरी चपलेची वेणी घरातल्या बायकाच विणतात, वादीनं शिवण्यातही त्यांचा हात असतो. बिलं, बँकेचं खातं, दुकानदाराशी बोलणं मात्र पुरुषांकडे. म्हणून बाईनं स्वतःच्या नावानं धंदा काढला की कसब पुरेपूर असतं, हिशेबाची वही कोरी.

पहिली चूक किमतीत होते. समजा, कातडं, वादी, रंग, डबा धरून जोडाला 500 रुपये लागले आणि तो 700 ला गेला. 200 सुटले असं वाटतं. पण त्यावर 8 तास बसलात, तर तासाला 25 रुपये पडले, आणि परत आलेल्या जोडाचा खर्च अजून धरलेलाच नाही! बाहेरच्या कारागिराला जी मजुरी दिली असती, ती आधी स्वतःच्या नावे लिहा.

खरा घात पावसाळा करतो. हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं पाणी पितं, बुरशी धरतं, आणि गिऱ्हाईकही आटतं. तयार जोड प्लास्टिकमध्ये कोंडू नका. कागदात गुंडाळून जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. पण मालापेक्षा पैसा सांभाळणं अवघड. अंबाबाईचं नवरात्र, दिवाळी, लग्नसराईत आलेल्या दर 100 रुपयांतले निदान 15 वेगळ्या खात्यात टाका. नाहीतर ऑगस्टात उचल घ्यावी लागते, आणि नवरात्राचा माल उचल देणाऱ्यालाच पडत्या भावात द्यावा लागतो. नवे धंदे इथंच मोडतात.

अमेरिकेत रिचमंडला मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी 1903 साली सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. लोकांची पै-पै साठवायची आणि तो पैसा आपल्याच लोकांच्या घरा-धंद्यात फिरवायचा, हा त्यांचा आग्रह. आपल्या बचतगटालाही हे जमेल. गटातल्या चौघी-पाचजणींनी मे महिन्याआधीच मिळून रोखीनं कातडं घ्यावं. एकटीला उधारीवर महाग पडतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती बाईच्याच आधारवर करा. मग कायद्यानं दुकानदारानं माल घेतल्यावर 15 दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असला तरी 45 च्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. पण एकच दुकानदार असेल तर त्याला दुखवायची हिंमत होत नाही, म्हणून एकाकडे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त माल देऊ नका.

आणि दुरुस्ती नाकारू नका. तुटलेली वादी बदलायला आलेलं गिऱ्हाईक पावसाळ्यातही येतं.