हात सोडून पळ

शुक्रवार म्हणजे अंबाबाईचा वार. त्या दिवशी महाद्वार रोडवर सकाळपासून बायकांची रीघ असते, आणि ओटी भरून झाली की त्यातल्या कितीतरी जणी आमच्या गल्लीत वळतात. परकर, गाऊन, ब्रा, पोरींच्या स्लिपा. मी या दुकानात १४ वर्षं काउंटरला आहे. माघातल्या एका शुक्रवारी दुपारी कपाळभर कुंकू ल्यालेल्या एक वहिनी आल्या. मागं त्यांची पोरगी, १९-२० वर्षांची. ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढं पिनेनं बंद केलेली.

“ताई, हिला घट्ट बसंल अशी द्या. ३८ची. हाय त्यात मोठ्यातली मोठी.”

‘३८’ हा आकडा त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितला. सगळ्याच बायका घेतात. मी विचारलं, रोजच्या वापरासाठी पाहिजे का आणखी कशासाठी?

“पळायला. पोलीस भरतीचं करतीया ती.”

पोरगी खाली बघत होती. मी तिला आत ट्रायल रूममध्ये चल म्हटलं, तर ती आईकडं बघायला लागली. कपडे काढायचे नाहीत, पातळ टी-शर्टावरून माप घेता येतं, हे सांगितल्यावर उठली. माप म्हटल्यावर वहिनींना वेगळीच शंका आली. “भरतीत पण घेतात का ओ पोरींचं?”

“नाही आई,” पोरगी म्हणाली. “पोरांची छाती मोजतात. ७९ सेंटिमीटर लागते, फुगवून ५ जास्त. आमची उंचीच बघतात, १५५.” दुकानात आल्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं.

आत गेल्यावर तिनं ओढणी काढली आणि मला कळलं की तिनं एकावर एक दोन घातल्यात. आत ३८बी, वर धाकट्या बहिणीची आवळ स्लिप. ३८चा खालचा पट्टा मागून वर सरकत पार पाठीच्या मध्यावर गेला होता. छाती वर धरून राहावी म्हणून खांद्याचे बंद शेवटपर्यंत आखडलेले, आणि तेही पुरेनात म्हणून एका बाजूला सेफ्टी पिन. तिनं बंद बाजूला सारून खांदा दाखवला. बोट ठेवलं तर बसेल एवढी खाच पडली होती. छातीखाली घामानं सोललं होतं, तिथं पावडरीचे गोळे झालेले.

“पळताना दुखतं?”

“दुखतंय. दोन घातल्या की कमी दुखतंय, पण दम लागतोय.”

लागणारच. वरची स्लिप बरगड्याही आवळत होती, छाती फुलायला जागाच नव्हती. एकावर एक दोन घाल, हा सल्ला पोरी एकमेकींना देतात, शाळेतल्या बाईसुद्धा देतात. माझं मन त्याला कधीच घेत नाही. श्वास कोंडून भरतीचं ८०० मीटर कसं पळायचं?

मी टेप काढला. आधी छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवरून. टेप मागं वर-खाली होऊ द्यायचा नाही, श्वास सोडायला लावायचा आणि काचणार नाही इतपत ओढून धरायचा. साडेएकतीस इंच. मग सगळ्यात भरलेल्या जागेवरून, सैल. ३७. खालचं माप ३२ धरलं तर फरक ५ इंचांचा. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. म्हणजे ३२डीडी. आणि पोरगी ३८बी घालत होती.

हे ३८ आलं कुठून, ते मला विचारायची गरज पडली नाही. आपल्याकडं बाईला आपलं माप पहिल्यांदा कळतं ते शिंप्याकडं. ब्लाऊजसाठी तो टेप भरल्या जागेवरून फिरवतो आणि वहीत लिहितो, छाती ३७. मग ब्राच्या दुकानात ३७ मिळत नाही म्हणून ३८. पण ब्रावरचा आकडा तो नव्हे. तो खालच्या घेराचा, बरगड्यांचा. छातीचा भरीवपणा त्याच्या पुढच्या अक्षरात असतो, आणि ते अक्षरही एकटं काही सांगत नाही. ३२ची डीडी, ३४ची डी, ३६ची सी आणि ३८ची बी, या चौघींच्या कपात साधारण सारखंच मावतं. बदलतो तो खालचा पट्टा. म्हणून तर आरशात समोरून बघताना तिला काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. कप भरत होता. मागं पट्टा सहा इंच सैल होता.

आणि खरं काम त्या पट्ट्याचं असतं. ब्राचा बहुतेक भार त्यानं उचलायचा, खांद्याच्या बंदांनी नुसता तोल धरायचा. पट्टा सैल असला की सगळं ओझं खांद्यावर येतं, तिथं खाचा पडतात. बायका सांगतात, खांदे भरून येतात, मान आखडते, वय झालं आता. मला दरवेळी वाटतं, पट्टा बघा हो आधी.

डीडी म्हटल्यावर पोरीचं तोंड उतरलं. “एवढी मोठी?” मी म्हटलं, बाळा, तू आज सकाळी होतीस तेवढीच आहेस. आकडा तर उलट कमी झालाय.

आता अडचण माझी. आमच्याकडं ३२ मध्ये कप सीपर्यंतच येतात. डी, डीडी ३४ पासून पुढं. नुसती आवळणारी, डोक्यातून घालायची स्पोर्ट्स ब्रा तिला चालणार नव्हती. भरलेल्या छातीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या कपात धरणारी लागते. पळताना छाती नुसती वर-खाली होत नाही. बाजूलाही जाते, पुढं-मागंही, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरते. व्यायाम करून आवळून घेता येईल असा स्नायू आत नसतो, बाहेरूनच धरावं लागतं. वरच्या खणात तसली एक होती, मागं हुकांची, रुंद बंदांची, ३४डी.

ती घातल्यावर तिला पुढं वाकायला लावलं, काखेकडचं सगळं कपात घ्यायला लावलं, मग सरळ उभी केली. मधला जोड छातीच्या हाडाला टेकला होता. कपाच्या कडेनं काही बाहेर येत नव्हतं. पण मागून पट्टा ओढला तर चार बोटं सहज जात होती. दोन जायला पाहिजेत. शेवटच्या हुकावर नीट बसत होता, पण नवी ब्रा पहिल्या, सैल हुकावर बसायला हवी. इलॅस्टिक वापरून ढिलं पडतंच, तेव्हा आतले हुक कामाला यायचे. इथं महिन्याभरात हुकच उरले नसते.

तरी शेवटच्या हुकावर लावून तिला म्हटलं, पळून बघ. ट्रायल रूममध्ये जागा केवढी, दोन पावलांची. मालकीणबाईंना विचारलं आणि आम्ही तिघी गच्चीवर गेलो. वहिनी जिन्याच्या तोंडाशी पदर खोचून उभ्या राहिल्या, कोणी वर येऊ नये म्हणून.

पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत २०-२५ पावलं होती. ती पळाली. दोन्ही हात कोपरात मुडपून छातीशी घट्ट धरलेले, जसं काही थंडीत कोणी पोटाशी तान्हं घेऊन चाललंय.

“हात असे का धरलेस?”

“मास्तर पण वरडतात. हात सोड, हात सोड म्हणतात. सुटत नाहीत.”

मग हळूहळू सांगितलं तिनं. पहाटे साडेचारला कारखान्याच्या रस्त्यावर पळते, पोरं यायच्या आधी. उजाडायला लागलं की थांबते. एकदा दोघं-तिघं मागून हसत आले होते, तेव्हापासून. गोळा चांगला जातो, १०० मीटरही बरं होतं. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटरच मागं ओढत होतं. “सोडून देणार होते या महिन्यात,” ती म्हणाली. वहिनींनी जिन्यातून झटकन मान वळवून बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, परत जा. नुसती पळ, हातांचा विचार करू नको.

दुसऱ्या फेरीलाही हात छातीशीच. तिसऱ्या फेरीला टाकीशी वळताना तोल सावरायला डावा हात बाहेर गेला, आणि परत आला नाही. मग उजवाही. पाचव्या-सहाव्या फेरीला कोपरं मागं जात होती, पावलं लांब पडत होती, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजी काम थांबवून बघत होत्या. पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. तरी हात परत छातीशी नाही घेतले.

खाली आल्यावर मी ब्रा शेजारच्या पिको-फॉलवाल्या ताईंकडं नेली. हुकांच्या पट्ट्या उसवून दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच कापायचं आणि परत बसवायचं, झिगझॅग टाक्यानं, नाहीतर ताण आला की साधा दोरा तुटतो. वीस मिनिटांचं काम. परत घालून बघितली तर पहिल्या हुकावर दोन बोटं, बरोबर.

आवरता आवरता तिला सांगितलं, घातली की हातानं धू, पिळू नको, उन्हात टाकू नको. आणि रोज तीच घालू नको, इलॅस्टिकला एक दिवस विसावा लागतो. सोललेलं बरं होईपर्यंत तिथं पावडर लावू नको, कोरडं ठेव, आठवड्यात बरं नाही झालं तर डॉक्टरांना दाखव.

किंमत ऐकून वहिनी गप्प झाल्या. १,२०० रुपये. त्यांनी कमरेची पिशवी काढली, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मला वाटलं, आता म्हणतील राहू दे.

“अजून एक हाय का हीच?” त्यांनी विचारलं. “दोन द्या. एक दोरीवर वाळत असली म्हणून पोरीनं पळायचं थांबायचं व्हय?”

वरच्या खणात एकच होती. दुसरी मागवून घेतली, शिवून घेतली, आणि पुढच्या शुक्रवारी वहिनी एकट्याच येऊन घेऊन गेल्या. पोरगी मैदानावर होती म्हणाल्या, सकाळी आठला.