आठ नंबरचा व्हॉल्व्ह

सातारा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, गनमेटलचं (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) कास्टिंग आणि पुढं मशिनिंग. मी तिथं क्वालिटीला, अकरा वर्षं झाली. वर्षभर शेतीपंपाचे पार्ट, पाईपलाईनचे व्हॉल्व्ह, असलंच काम असतं, पण तीन-चार वर्षांपासून मरीनचं पण थोडंथोडं यायला लागलंय. गेल्या जुलैत जे झालं ते लिहायचं लय दिवस डोक्यात होतं.

ऑर्डर होती बारा ग्लोब व्हॉल्व्हची. तीन इंची, फायर लाईनसाठी, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाईपसाठी. कागदावर 'अ‍ॅम्युनिशन बार्ज' एवढंच. कुठला बार्ज, कुठं जाणार, ते आम्हाला कोण सांगत नाही आणि आपण विचारायचं पण नसतं. मी आधी बार्ज म्हणजे वाळू वाहणारा तराफा समजायचो, मग जरा माहिती काढली. नेव्ही म्हणलं की आपल्यासमोर विक्रांत येते, पाणबुडी येते. पण त्या मोठ्या जहाजाला पाणी नेऊन देणारा बार्ज वेगळा, डिझेल देणारा वेगळा, ढकलून धक्क्याला लावणारा टग वेगळा, माणसं नेआण करणारी फेरी वेगळी, सरावात सोडलेला टॉर्पेडो शोधून उचलणारी बोट पण वेगळी असते. यार्डक्राफ्ट म्हणतात ह्या सगळ्यांना. आणि दारूगोळ्याचा बार्ज म्हणजे धक्क्याला किंवा बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या युद्धनौकेपर्यंत टॉर्पेडो, मिसाईल, तोफेचे गोळे नेऊन द्यायचे, आणि ती दुरुस्तीला जाणार असली की तेच सगळं उतरवून परत आणायचं. असे ११ बार्ज बांधायचं कंत्राट मार्च २०२१ मध्ये ठाण्याच्या एका छोट्या कंपनीला मिळालं होतं हे वाचून मला बरं वाटलेलं, म्हणजे आपल्यासारखीच लोकं करतायत हे काम.

आता अशा बार्जवर फायर लाईन म्हणजे काय हे आमच्यात कुणाला वेगळं समजवायची गरज नाही. दरवर्षी १४ एप्रिलला कंपनीत अग्निशमन दिन असतो, बादल्या-एक्स्टिंग्विशरचं डेमो होतं, आणि दरवर्षी तीच माहिती वाचून दाखवतात की १९४४ साली ह्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, आत चौदाशे टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गाठी, आग आधी कापसाला लागली, अन् विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. अकरा वर्षं ते मी उभं राहून ऐकलंय. पण आपल्या हातातला व्हॉल्व्ह असल्याच मालाशेजारी बसणार, हे डोक्यात आलं ते ऑर्डर वाचल्यावर.

तर त्या दिवशी अकरा वाजता पुण्याहून आयआरएसचे सर्व्हेअर येणार होते. आयआरएस म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, जहाजं आणि त्यांचे पार्ट तपासून दाखला देणारी संस्था, ह्या ऑर्डरला त्यांचा शिक्का पडल्याशिवाय माल जहाजावर चढत नाही. मी सात वाजताच गेलो, सगळे बारा एकदा आपल्या आपण टेस्ट करून घ्यावेत म्हणून. पाऊस धो धो. अजिंक्यतारा तर दिसतच नव्हता. गेटवर नेव्हीमामा होते. मामा आमच्याकडं गेटवर आणि स्टोअरला असतात, अपशिंग्याकडचे, घरातले बाकी सगळे लष्करात आणि हे एकटे नेव्हीत, बरीच वर्षं टँकरवर, म्हणजे दुसऱ्या जहाजांना डिझेल देणाऱ्या जहाजावर, काढलेली. गेटच्या रजिस्टरला अजून पण जहाजासारखा टाईम लिहितात. माझं नाव लिहून पुढं '०७०५' टाकलं.

हायड्रो टेस्ट साधी असते. दोन्ही बाजूला ब्लाइंड फ्लँज, म्हणजे बिनभोकाची चकती, बांधायची, आत पाणी भरायचं, हवा पूर्ण काढायची, हातपंपानं प्रेशर चढवायचं. व्हॉल्व्ह १६ बारचा असला की बॉडी दीडपटीनं म्हणजे २४ बारला धरायची. मग बाहेरून कोरडं पुसायचं, खडूची पावडर मारायची, आणि बघत बसायचं. कुठं ओल आली की पांढऱ्यावर लगेच काळपट दिसते. पहिले सात झकास गेले. आठवा लावला, पंचवीस मिनिटं झाली, काटा जागच्या जागी, आणि फ्लँजची मान जिथं बॉडीला मिळते तिथं खालच्या बाजूला मोहरीएवढा काळा ठिपका.

पावसाळ्यात ह्याचा एक घोळ असतो. टाकीतलं पाणी गार, बाहेर हवा दमट, त्यामुळं चांगल्या व्हॉल्व्हला पण घाम येतो. म्हणून मी घाई केली नाही, प्रेशर सोडलं, पाणी रूमच्या टेंपरेचरला येऊ दिलं, पुसून परत पावडर मारली, परत २४ ला नेलं. घाम असला की सगळीकडं येतो. हा एकाच जागी आला. तिसऱ्यांदा केलं तरी तिथंच. एक थेंब जमायला बारा-पंधरा मिनिटं लागत होती, म्हणजे गळती म्हणायची तर म्हणायची, नाहीतर नाही.

साडेनऊला शॉप इन्चार्ज आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आरं एवढंच हाय व्हय, बॉलपीन घे अन् चार ठोके मार, मेटल दबतंय, बंद हुतंय. वर पेंट मार. सायेब काय भिंग घिऊन येणाराय का?"

ते खोटं नव्हते सांगत. मेटल दबतं आणि टेस्टपुरतं बंद होतं. मला माहीत आहे कारण मी केलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पंपाच्या बॉडीला मी स्वतः ठोकून पास केलेलं, सहा महिन्यांनी कोरेगावकडचा शेतकरी तो पंप डोक्यावर घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता बाकड्यावर बसून राहिला. ऊस वाळत होता त्याचा. त्या माणसाचा चेहरा मला आजपण आठवतो.

शेठना फोन लावला. ते कराडला होते. "उशीर झाला तर एलडीचा दंड कापतील, माहितीय ना तुला? आज डिस्पॅच गेलंच पाहिजे, तू बघ काय करायचं ते," एवढं बोलून फोन ठेवला. हातोडी इन्चार्जनी टेबलावर आणून ठेवलेलीच होती.

तेवढ्यात मामा चहा घेऊन आत आले. त्यांनी ठिपका बघितला, हातोडी बघितली, आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मला वाटलं आता बोलतील काहीतरी, पण ते भलतंच सांगायला लागले. टँकरवर असतानाचं. भर समुद्रात चालत्या जहाजाला डिझेल देतात ते.

"थांबत न्हाय कुणी," मामा म्हणाले. "दोन्ही जहाजं शेजारी शेजारी चालत्यात, बारा-पंधरा नॉटनं, मधी अंतर किती तर चाळीस-पन्नास मीटर. म्हंजी आपलं गेट ते समोरचं शेड. मधलं पाणी नुसतं उकळत असतंय, अन् दोन्ही अंगं एकमेकाकडं वढत्यात. पयली बंदुकीनं बारीक दोरी मारायची, तिच्यावरनं जाड दोरी, तिच्यावरनं वायर, अन् वायरीला लोंबकळत होज जातोय. टोकाला प्रोब, त्यो तिकडच्या तोंडात बसला की मग पंप चालू. कधीकधी तासंतास. एवढ्या येळात सुकाणूवरचा गडी पापणी लवत न्हाय."

मग म्हणाले, एका रात्री त्यांच्या बाजूच्या लाईनवरचा एक व्हॉल्व्ह पाझरायला लागला. जहाजाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. डेकवर डिझेलचा पातळ थर, पाय सरकायला लागले, एक पोरगा रेलिंगपर्यंत घसरत गेला, लाईफजॅकेटला धरून ओढला त्याला. पंपिंग बंद, होज सोडवला, समोरचं जहाज अर्ध्या टाकीवर बाजूला झालं आणि परत लाईनी टाकायला पहाट झाली. "नंतर उघडून बघितला तर कास्टिंगला आतनं जुनं भोक. वरनं ठोकल्याली खूण." एवढं बोलून मामा कप गोळा करून गेटवर गेले. मला काय कर आणि काय नको, असं काहीच म्हणाले नाहीत.

मी हातोडी उचलून रॅकला ठेवली. आठव्यावर लाल खडूनं फुली मारली.

सर्व्हेअर साडेअकराला आले, रेनकोटातनं पाणी गळत होतं. चहापाणी व्हायच्या आधीच मी सांगितलं, साहेब, एक पाझरतोय, तो आधी बघा. त्यांनी वीस मिनिटं शांतपणे बघितलं, ठिपका आला तसं बोट लावलं आणि विचारलं, "हीट नंबर?" हीट म्हणजे भट्टीतली एक ओत. बारामधले सात एका हीटचे होते आणि आठपासून पुढचे पाच दुसऱ्या. बोलले, "मग पाचही बाजूला ठेवा." मी म्हणलं साहेब बाकीचे चार अजून टेस्टच केले नाहीत, कदाचित चांगले असतील. "आज असतील," एवढंच म्हणाले. सात त्यांच्यासमोर परत घेतले, पास झाले, पंचनं शिक्के पडले. पार्टीला फोन केला तर ते म्हणाले अर्धा माल नको, बाराच्या बारा एकदम पाठवा. इन्चार्ज माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत आणि शेठ चार दिवस.

दुसऱ्या दिवशी मी आठवा बँडसॉवर मधून कापला. कापलेली बाजू घासून आरशासारखी केली तर मानेच्या आत रुपयाएवढा भाग करडा-तपकिरी, वाळलेल्या स्पंजासारखा. ह्या मिश्रधातूत तांबं ८५ टक्के आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के, तो साधारण १०१० अंशाला गोठायला सुरुवात करतो आणि ८५५ च्या आसपास पूर्ण घट्ट होतो. एवढ्या मोठ्या अंतरात बराच वेळ तो चिखलासारखा असतो. जिथं जाड भाग पातळाला मिळतो तिथं शेवटपर्यंत गरम राहतं, आणि वरच्या रायझरमधून, म्हणजे साच्यावर ठेवलेल्या जादा मेटलच्या साठ्यातून, मेटल तिथपर्यंत पोचलं नाही की आत बारीक बारीक पोकळ्या राहतात, एकमेकीला जोडलेल्या. शिसं थोड्या बुजवतं, सगळ्या नाही. त्यात दुसरी हीट ओतली तो दिवस मुसळधार पावसाचा, ताडपत्री फाटलेली, इनगॉट ओले, आणि ओलं मेटल वितळलं की त्यातला हायड्रोजन आत शिरतो. चार्जशीटवर, म्हणजे भट्टीत काय काय टाकलं त्या कागदावर, तारीख बघितल्यावर मला तो दिवस आठवला. तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि ताडपत्रीचं कुणाला बोललो नव्हतो. हे माझ्याकडून राहिलं होतं.

कापलेला तुकडा मी शेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बराच वेळ तो हातात फिरवला. मग म्हणाले, "बाकीचे चार पण काप." कापले. दोघांत तसंच होतं, दोन स्वच्छ.

पाच नव्यानं ओतायचे ठरले. मानेपाशी साच्यात लोखंडी चिल बसवली म्हणजे तो भाग आधी गार व्हावा, रायझर मोठा केला, इनगॉट भट्टीच्या तोंडाशी रात्रभर तापवून घेतले, लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, लालभडक केल्याशिवाय मेटल घेऊ दिलं नाही, मेटलमधला ऑक्सिजन काढायला फॉस्फर कॉपर मोजून टाकलं. ओतायला शेठ स्वतः उभे होते, इन्चार्जपण. बोलले नाहीत माझ्याशी पण स्वतःच्या हातानं झारीनं मळी काढत होते.

ह्या मधल्या दिवसांत मी मामांच्या केबिनमध्ये जाऊन बसायला लागलो. नेव्हीकडं आज चार मोठे टँकर आहेत हे त्यांच्याकडून कळलं, ज्योती रशियात बांधलेलं, १९९६ चं, आदित्य कोलकात्याच्या गार्डन रीचचं, २००० चं, आणि दीपक, शक्ती इटलीहून आलेले, दोन्ही २०११ ला. २०१३ च्या शेवटी विक्रमादित्य रशियाहून निघालं तेव्हा दीपक सोबत होतं. त्या बातम्यांत सगळीकडं फोटो विक्रमादित्यचाच. मामांनी मोबाईलवर एक फोटो मोठा करून दाखवला, लांब मागं धुरकट एक आकार होता. "ह्यो बघ दीपक," म्हणाले, आणि तो फोटो तसाच बोटानं धरून बराच वेळ बघत बसले.

दहाव्या दिवशी सर्व्हेअर परत आले. पाचही २४ बारला, प्रत्येकी अर्धा तास. मामा गेट दुसऱ्याकडं देऊन आत आले आणि नव्या आठ नंबरपुढं हात मागं बांधून उभे राहिले. खडू पांढरा तो पांढराच राहिला. शिक्का मारताना सर्व्हेअरनी मला पंच धरायला दिला.

संध्याकाळी टेंपो भरला. पाऊस उघडला होता, यवतेश्वरच्या बाजूला जरा ऊन पडलेलं. मामांनी प्रत्येक पेटी उघडून नग मोजले, पावतीशी ताडले, आणि रजिस्टर पुढं ओढून लिहिलं, '१६४०, व्हॉल्व्ह १२ नग, बाहेर.'