विमान पुन्हा वर गेलं तर पायलटवर चिडू नका

गेल्या पावसाळ्यात दिल्लीहून मुंबईला येत होते. संध्याकाळची वेळ, खाली नुसता धो धो पाऊस, खिडकीतून घरांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या, आता चाकं टेकणार म्हणून मी चप्पल शोधत होते आणि एकदम इंजिनं गरजली आणि विमान सरळ वर! पोटात गोळाच आला. शेजारचे काका वैतागले, "आता अर्धा तास गेला, नीट उतरवता येत नाही का यांना?" मागून कुणीतरी म्हणालं नवशिका दिसतोय.

याला गो-अराउंड म्हणतात आणि तो नवशिकेपणा नाहीये हो. विमान 1000 फुटांवर आलं की स्पीड, खाली येण्याचा वेग, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या), धावपट्टीशी रेषा सगळं जागेवर असायला हवं, नसेल तर परत वर जायचं आणि नव्याने यायचं, नियमच आहे तो. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासातला एक आकडा वाचून मी हादरले होते, उतरायला खाली येताना असं सगळं जागेवर नसलेल्या 100 वेळांपैकी जेमतेम 3 वेळा पायलट वर जातात, बाकी उतरवूनच टाकतात. बहुतेक वेळा निभावतं, म्हणून सवय लागते.

बेल्टवर बॅगांची वाट बघताना काकांना मी केरळातल्या कोळीकोडच्या अपघाताचं सांगितलं. 7 ऑगस्ट 2020, दुबईहून आलेलं विमान, 190 माणसं. कॅप्टन दीपक साठे, आपले नागपूरचे, आधी हवाई दलात टेस्ट पायलट होते. पहिल्यांदा पावसात त्यांनी गो-अराउंड केला होता, अगदी बरोबर केला होता. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने आले, पाठीमागून वारा, धावपट्टी 2700 मीटरची आणि चाकं टेकली ती जवळपास अर्धी संपल्यावर. को-पायलटनं गो-अराउंड म्हटलं होतं. विमान टोकावरून खाली दरीत गेलं, 21 जण गेले, त्यात दोघंही पायलट.

काका गप्प झाले, मग म्हणाले, "एवढा अनुभवी माणूस, मग उतरवलं कशाला?"

हाच प्रश्न आहे. चौकशी अहवालात चूक कॅप्टनची म्हटलीय, पण त्यातच पुढे हेही आहे की कोळीकोडला कॅप्टन कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्यांनाच न्यायची होती. म्हणजे विमान दुसरीकडे नेलं असतं तर उद्याचं काय, हे डोक्यात असणारच ना. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. रोस्टर बनवताना एक माणूस जास्त ठेवणं हीसुद्धा धावपट्टीची सुरक्षाच आहे असं मला वाटतं. आणि मंगळूरला 22 मे 2010 ला विमान असंच धावपट्टीच्या पुढे गेलं, तिथे तर को-पायलटनं तीनदा गो-अराउंड म्हटलं होतं, तीनदा! 158 माणसं गेली, 8 वाचली. ज्युनियरचं ऐकायची सवय नसली की काय होतं बघा.

माणूस चुकणार हे धरून जमिनीवरही सोय करता येते. धावपट्टीच्या टोकाला हलक्या, ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे घालतात, चाकं त्यात रुतत जातात आणि विमान थांबतं, ईमास म्हणतात त्याला. ऑक्टोबर 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर माइक पेन्स, तेव्हाचे अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार, यांचं विमान असंच थांबलं, कुणाला काही झालं नाही. कोळीकोडला 2020 साली तसली सोय नव्हती, मंगळूर होऊन दहा वर्षं झाली तरी. डोंगरमाथा कापून केलेल्या धावपट्टीला, जिथे टोकापलीकडे थेट उतार आहे, तिथे आधी पैसा लागायला हवा, टर्मिनलची काच आणि झुंबरं नंतर.

मुंबईचं म्हणाल तर 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे चिखलात गेलं. माणसं वाचली, पण ती धावपट्टी काही दिवस बंद होती. चाकांचं रबर धावपट्टीवर घासून घासून थर बसतो, त्यावर पाणी साचलं की टायर तरंगतं आणि ब्रेक धरत नाही. म्हणून ते रबर काढावं लागतं, डागडुजी करावी लागते, पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. दर वर्षी पावसाळ्याआधी मे महिन्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद ठेवतात त्या याच कामांसाठी, आणि दर वर्षी लोक ऐन सुट्टीत बंद का म्हणून शिव्या घालतात. मीही पूर्वी घातल्यात. मे महिन्यातल्या प्रवासाचं तिकीट काढाल तेव्हा ती तारीख आधी बघून घ्या, नोटीस बरीच आधी येते.